परांड्याचा वेढा, इ. स. १६३४

(१)

करमाळ्याहून आग्नेयेस निघून सीना उतरलें म्हणजे सुमारें दहा कोसांवर परांड्याचा भुईकोट लागतो. डोंगर नाहीं, कडा नाहीं, नदीचें वळण नाहीं; सपाट काळ्या रानांत दुहेरी तट, त्याभोंवतीं रुंद खंदक आणि तटाबुरुजांवर मोठमोठ्या तोफा, असें त्याचें स्वरूप आहे. बांधणी बहामनी काळांतील. परंपरा ती ख्वाजा महमूद गावानाकडे देते. आंत जुन्या देवळाचे खांब घेऊन उभारलेली मशीद आहे, हमामखाना आहे. असला किल्ला पाहणाऱ्याच्या मनांत एक शंका सहज उभी राहते. ज्यास निसर्गानें कांहींच आधार दिला नाहीं तो कोट, दौलताबादेसारखा दुर्ग घेऊन आलेल्या मोगल फौजेस कसा हटवूं शकला?

या वेढ्याची हकीकत बहुधा दोन वाक्यांत आटोपली जाते. शहाजादा शुजा व महाबतखान यांनीं परांड्यास वेढा दिला. सरदारांत फूट पडल्यामुळें तो उठवावा लागला. हीं दोन्ही वाक्यें खोटीं नाहींत, पण त्यांत कार्यकारणभाव उलटा झाला आहे, असें आमचें मत आहे. परांडें वाचलें तें तटामुळें नव्हे व केवळ सरदारांच्या भांडणामुळेंहि नव्हे. तें तटाबाहेरच्या दहा-बारा कोसांच्या रानांत वाचलें, आणि त्या रानांत करमाळ्याची भूमि येते. हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभींच एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. ‘मोगल’ हा ‘मंगोल’ शब्दाचाच फारसी अवतार होय. दिल्लीचें राजघराणें तैमूरच्या वंशांतील. बाबराची आई कुतलघ निगार खानम ही मोगलिस्तानच्या यूनुसखानाची कन्या असल्यामुळें तिच्या द्वारें तें चंगीझखानाशीं जोडलेलें होतें. चंगीझखानाच्या स्वतःच्या झुंडी दक्षिणेंत कधींच उतरल्या नाहींत. शाहजहानच्या फौजेंत तर इराणी, तुराणी, रजपूत, बारह्याचे सय्यद व अफगाण असा सर्व मेळ होता. परंतु एक वारसा मात्र अखेरपर्यंत टिकला : बळ घोड्यावर, आणि घोडा गवतावर. मध्य आशियाच्या कुरणांत ही सोय होती. सीना-भीमेच्या दुआबांत ती उन्हाळ्यांत नसते. परांड्याच्या वेढ्याचें मर्म या एका भेदांत आहे.

(२)

इ. स. १६०० मध्यें अहमदनगरचा किल्ला अकबराच्या हातीं गेला, तेव्हां मलिक अंबरानें मूर्तजा निजामशहा दुसरा यास परांड्यास आणून तख्तावर बसविलें. म्हणजे कांहीं वर्षें निजामशाहीची राजधानीच येथें होती. पुढें ती जुन्नर व दौलताबादेकडे सरकली, तरी परांडें हें विजापूर, अहमदनगर व बालाघाट यांच्या तिठ्यावरील ठाणें म्हणून महत्त्वाचेंच राहिलें.

मोगलांनीं त्यावर पहिला घाव १६३१ सालीं घातला. धारूर जिंकून आजमखान परांड्यावर आला, राजा जयसिंगानें किल्ल्याबाहेरील मातीच्या कोटाची पेठ लुटली, मोर्चेहि लागले. पण १६३० सालीं पाऊस गेला होता व दक्षिणेंत घोर दुष्काळ चालू होता. वीस कोसांच्या टापूंत वैरणीची काडी मिळेना, आणि आजमखान वेढा उठवून धारूरकडे परतला. येथें गवत हरविलें तें निसर्गानें. तीन वर्षांनीं तेंच काम माणसांनीं केलें. तेव्हां ज्यांनीं केलें त्यांस हा धडा आजमखानानेंच देऊन ठेविला होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्या मधल्या काळांत किल्ला हस्तांतरित झाला. निजामशाही किल्लेदार आका रिझवान यानें तो आदिलशहाच्या स्वाधीन केला. हा व्यवहार मुरार जगदेव या आदिलशाही मुत्सद्द्याच्या द्वारें झाला व १६३२ सालीं ‘मलिक-इ-मैदान’ ही प्रसिद्ध तोफ परांड्याहून विजापुरास नेण्यांत आली. ही तोफ १५४९ सालीं अहमदनगरास रूमी कारागिरानें ओतलेली. वजन सुमारें पंचावन्न टन, लांबी चौदा फुटांवर, तोंडाचा व्यास सव्वादोन फुटांहून अधिक. ती ओढावयास दहा हत्ती व चारशें बैल लागले असें सांगतात. आज ती विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे. आमच्या विषयास तिचें महत्त्व एवढेंच कीं, १६३४ च्या वेढ्यांत ती परांड्यास नव्हती. मलिक-इ-मैदानाच्या धाकानें मोगल हटले अशी समजूत कोणी बाळगीत असल्यास ती सोडून द्यावी. किल्ल्याचा सर्वांत मोठा दागिना गेल्यानंतर दोन वर्षांनीं किल्ल्यानें सर्वांत मोठी परीक्षा दिली.

(३)

वेढ्याचा सूत्रधार महाबतखान. १६२६ सालीं ज्यानें प्रत्यक्ष जहांगीर बादशहास आपल्या पहाऱ्यांत ठेविलें तोच हा पुरुष. जून १६३३ मध्यें त्यानें दौलताबाद घेतली. त्या वेढ्यांत सुरुंगांनीं तट उडविले गेले, परंतु खरा निकाल अन्नानें केला. रणदुल्लाखान, मुरार जगदेव व शहाजी भोसले यांनीं आंत धान्य पोंचविण्याचे प्रयत्न केले; महाबतखानानें ते अडविले. आंतील शिबंदी उपाशी मरूं लागली आणि मलिक अंबराचा पुत्र फत्तेखान यानें किल्ला दिला. निजामशाहीचा बाल राजा हुसेन ग्वाल्हेरीस कैदेंत गेला. त्यानंतर शहाजीनें निजामशाही वंशांतील दुसरा मुलगा पेमगिरीस गादीवर बसवून जुन्या राज्याचा मुलूख सांवरण्यास आरंभ केला. त्यामुळें दौलताबाद पडली तरी मोगलांची पाठ मोकळी झाली नाहीं.

महाबतखानानें बादशहाकडे एखादा शहाजादा व ताजी फौज मागितली. शाहजहाननें आपला दुसरा पुत्र शुजा, वय सतरा, यास दक्षिणेंत धाडिलें. विजापूरच्या वाटेवरील परांडें प्रथम घ्यावें, ही योजना महाबतखानाची. त्याचा मुलगा खानजमान यानें पुढें जाऊन वेढा दिला, मोर्चे बांधले. आणि फेब्रुवारी १६३४ अखेर शहाजादाहि छावणींत दाखल झाला. अलावर्दीखानाकडे सुरुंगांचें काम होतें. किल्ल्याबाहेर मदतीस आले ते रणदुल्लाखान व मुरार जगदेवच.

वाचकांनीं येथें थोडें थांबून पाहावें. आंत-बाहेर दोन्हीकडे माणसें तींच, जीं आठ महिन्यांपूर्वीं दौलताबादेस होतीं. सेनापति तोच, सुरुंगांची विद्या तीच, प्रतिपक्षाचे सरदारहि तेच. दौलताबाद हा हिंदुस्थानांतील अत्यंत दुर्गम किल्ल्यांपैकीं एक, तो पडला. परांडें उघड्या मैदानांतील भुईकोट, तें पडलें नाहीं. फरक तटांत असता तर निकाल याच्या उलट लागावयास पाहिजे होता.

(४)

सुरुंगांची हकीकत थोडक्यांत अशी. अलावर्दीखानानें खंदकाच्या रोखानें अनेक सुरुंग चालविले. त्यांपैकीं कांहीं आंतल्यांनीं हुडकून निकामी केले. एक सुरुंग शेरहाजीपर्यंत, म्हणजे बाहेरच्या पडकोटापर्यंत गेला व खुद्द शहाजाद्याच्या समक्ष उडविला गेला. बुरुज ढासळला, पण हल्ला करण्याजोगी वाट पडली नाहीं. भुईकोटास दुहेरी तट व रुंद खंदक कां असतो याचें उत्तर येथें मिळतें. एक भिंत पडली तरी मागें दुसरी उभीच असते, आणि शत्रूस सुरुंगाचें काम पुन्हां पहिल्यापासून मांडावें लागतें. तटानें किल्ला वाचविला नाहीं, हें आम्ही वर म्हटलें. पण तटानें वेळ मिळवून दिला, हें कबूल केलेंच पाहिजे. त्या वेळांत बाहेर काय चाललें होतें तें आतां पाहूं.

मोगल इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी हा बादशहाच्या पदरचा, व त्याचा ‘बादशाहनामा’ दरबारच्या दृष्टीनें लिहिलेला. तरीहि छावणीच्या आसपास दहा-बारा कोसांत गवत व सरपण उरलें नव्हतें, हें त्यास नमूद करावें लागलें आहे. शत्रूच्या तोंडून आलेली ही कबुली असल्यामुळें तिचें मोल अधिक.

या वाक्याचा अर्थ कागदावर मांडून पाहावा. पुढील आंकडे आमच्या अजमासाचे आहेत, ग्रंथांतील नव्हेत. समजा, छावणींत दहा हजार घोडीं आहेत आणि प्रत्येकास रोज दहा शेर वैरण लागते. म्हणजे रोज एक लक्ष शेर, अर्थात् अडीच हजार मण. एक बैल चार मण ओझें नेतो असें धरलें तर रोज सव्वासहाशें बैल भरून वैरण आली पाहिजे. बारा कोस जाणें व बारा कोस येणें यास भरल्या बैलास तीन-चार दिवस लागतात. म्हणजे अडीच हजार बैल केवळ वैरणीच्या फेऱ्यांत गुंतले. त्या बैलांसहि चारा हवा. तोफखान्याच्या बैलांस हवा. हत्ती व उंट निराळेच. आणि ही कही, म्हणजे वैरणीस जाणारी टोळी, लांबच लांब, संथ व अवजड असल्यामुळें तिच्या रक्षणास हजारों स्वार रोज द्यावे लागतात; तेवढे मोर्चांतून कमी होतात. कहीस जितकें दूर जावें लागेल तितका वेढा सैल पडतो.

विजापूरकरांनीं नेमकी कही धरली. मैदानांत समोरासमोर गांठ घेण्याच्या भरीस ते पडले नाहींत. मलिक अंबरानें रूढ केलेली बर्गीगिरीची ही लढाई होती : रसद तोडावी, ओझ्याच्या जनावरांवर बाण सोडून वैरण पेटवावी, शत्रू वळला कीं पसार व्हावें, तो परतूं लागला कीं पुन्हां पाठीवर बसावें. ऋतुहि त्यांस अनुकूल होता. हा मुलूख रब्बीच्या ज्वारीचा. माघ-फाल्गुनांत कणसें खुडून कडब्याच्या गंजी रचल्या जातात. वेढा लागला तो त्याच सुमारास. गंजी उचलून नेणें किंवा पेटविणें हें एका रात्रीचें काम. चैत्र-वैशाखांत रानचें गवत वाळून जातें, ओढे आटतात, सीनेंत डबकीं राहतात. पुढें मृगाचा पाऊस पडला कीं याच काळ्या जमिनीचा राबडा होतो व तोफेचा गाडा जागचा हालत नाहीं. म्हणजे मोगलांस काम उरकावयास जेमतेम तीन महिने होते.

(५)

आतां सरदारांच्या फुटीविषयीं. महाबतखान तापट, त्याच्या बोलण्यानें बारह्याचे सय्यद वगैरे सरदार दुखावलेले होते, आणि छावणींतील बेत शत्रूस कळतात असा संशय पसरला होता. खानदौरान व महाबतखान यांचें वैमनस्य तर प्रसिद्धच आहे. परंतु तें विकोपास कशानें गेलें? एका कहीच्या प्रसंगानें. कहीच्या रक्षणास स्वतः महाबतखान गेला असतां विजापूरकरांनीं त्यास घेरलें. खानदौरान धांवून आला म्हणून तो सुटला. पुढें ‘आपण त्यास वांचविलें’ असें खानदौरान उघड म्हणूं लागला, व तें म्हाताऱ्या सेनापतीच्या जिव्हारीं लागलें.

येथें कारण कोणतें व परिणाम कोणता? सुभ्याचा मुख्य सेनापति गवताच्या भाऱ्यांच्या रक्षणास स्वतः जातो, यावरून छावणीची दशा काय झाली होती तें कळतें. भांडणारे सरदार दौलताबादेसहि होतेच. तेथें पोटभर छावणी उपाशी किल्ल्यास वेढून बसली होती, म्हणून भांडणें दबून राहिलीं. परांड्यास छावणी उपाशी आणि किल्ला पोटभर, म्हणून तींच भांडणें फुटून वर आलीं. फूट हें पराभवाचें कारण नसून उपासमारीचें लक्षण होय.

मे १६३४ मध्यें, पाऊस तोंडावर आला असतां, वेढा उठला व फौज बऱ्हाणपुराकडे परतली. शाहजहाननें शुजास माघारें बोलाविलें आणि आपली नाराजी लपविली नाहीं. भगंदरानें पीडलेला महाबतखान त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मरण पावला. दौलताबादचा विजेता म्हणून ज्याचें नांव झालें त्याची शेवटची मोहीम परांड्याच्या रानांत निष्फळ झाली.

(६)

येथवर हकीकत विजयाची झाली. पण तिची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाहीं.

दहा-बारा कोसांत गवत उरलें नाहीं, हें वाक्य मोगलांच्या अडचणीचें म्हणून लिहिलें गेलें आहे. तेंच वाक्य त्या कोसांत राहणाऱ्या कुणब्याच्या बाजूनें वाचून पाहावें. परांडें मध्य धरून दहा-बारा कोसांचें वर्तुळ काढलें तर पश्चिमेस तें सीना ओलांडून करमाळ्यापर्यंत येतें. या वर्तुळांतील कडबा मोगल कहीनें नेला किंवा आदिलशाही बाणांनीं जळाला. दोन्ही वाटांनीं तो कुणब्याचाच गेला. कडबा गेला म्हणजे बैल गेला, बैल गेला म्हणजे पुढील पेरणी गेली. आणि हें सर्व १६३०-३२ च्या दुष्काळांतून गांवें पुरतीं उभीं राहिलीं नसतांना. ज्या मुरार जगदेवानें परांड्याचें रक्षण केलें त्याच्याच हुकुमानें १६३० च्या सुमारास पुणें उद्ध्वस्त झालें होतें, हेंहि विसरतां येत नाहीं. किल्ला वाचला तो प्रदेशाच्या खर्चानें. तो खर्च कोणत्याहि शाही तवारिखेंत जमेस धरलेला नाहीं.

करमाळ्याचा आजचा किल्ला त्या वेळीं नव्हता. तो अठराव्या शतकांत रावरंभा निंबाळकर व त्याचा पुत्र जानोजी यांनीं उभारिला. म्हणजे १६३४ सालीं सीनेच्या या तीरावरील रयतेस पाठीशीं घेणारी भिंतहि जवळ नव्हती. मात्र दोन वर्षांनीं हाच टापू एका मोठ्या तहांत नांवानिशीं अवतरतो. मे १६३६ च्या तहानें शाहजहान व आदिलशहा यांनीं निजामशाही वांटून घेतली. तींत आदिलशहाच्या वांट्यास सोलापूर व परांडें हे किल्ले आणि भीमा व सीना यांच्या मधील वांगी महाल आले. हें वांगी करमाळे तालुक्यांतीलच होय. परांडें मोगलांनीं १६३४ सालीं घेतलें असतें, तर हीं नांवें त्या तहांत आदिलशहाच्या बाजूस लिहिलीं जातीं असें आम्हांस वाटत नाहीं. वेढ्याचा खरा परिणाम तो हा : दुआबाचा हा मुलूख आणखी चोवीस वर्षें विजापूरकडे राहिला.

ती चोवीस वर्षें कशीं संपलीं तें सांगून हा भाग पुरा करूं. १६५७ च्या तहांत परांडें मोगलांस देण्याचें ठरलें, पण तें प्रत्यक्ष दिलें गेलें नाहीं. नोव्हेंबर १६६० मध्यें किल्लेदार गालिब यानें तें लढाईवांचून मोगलांच्या हवालीं केलें. दोन सुसज्ज फौजा जें करूं शकल्या नाहींत तें एका माणसाच्या होकारानें झालें. मागें १६३२ सालीं निजामशाहीकडून आदिलशाहीकडेहि तें असेंच, किल्लेदाराच्या हातून गेलें होतें. परांडें दोन वेळां वेढ्यानें गेलें नाहीं. दोन वेळां किल्ल्या हातावर ठेवून गेलें.

(७)

या लेखाचे निष्कर्ष तीन. पहिला, १६३४ चा वेढा फसला त्याचें मुख्य कारण वैरणीचा तुटवडा. सरदारांची फूट त्याच्या मागून आली. दुसरा, हा तुटवडा अंशतः ऋतूचा व अंशतः बर्गीगिरीच्या बुद्धिपुरस्सर योजनेचा परिणाम होता. १६३१ व १६३४ हे दोन वेढे एकमेकांशेजारीं ठेवले म्हणजे हें स्पष्ट होतें. तिसरा, या रक्षणाची किंमत परांड्याच्या तटानें नव्हे, सीनेच्या दोन्ही तीरांवरील गांवांनीं दिली.

पहिले दोन निष्कर्ष फारसी ग्रंथांच्या आधारें पडताळतां येतात. तिसऱ्याचा पुरावा राजधान्यांच्या ग्रंथालयांत मिळावयाचा नाहीं. तो मिळेल गांवच्या दप्तरांत. गांव उजाड झाला, कुळें परागंदा झालीं, मग कौल देऊन लावणी केली, इस्तावा ठरवून दिला, अशा मजकुराचे कागद, वतनाच्या तंट्यांतील महजर व करीने, ज्यांत वादी आपल्या आजा-पणजाची हकीकत सांगतांना ‘धामधुमेंत कागद गेले’ असें म्हणतो, पाटील-कुळकर्ण्यांचे थळझाडे, हेच या वेढ्याचे खरे जमाखर्च होत. असले रुमाल संग्रहांत येतात तेव्हां राजांच्या शिक्क्यांचा कागद वर ठेवला जातो आणि कौलाचा कागद खालीं जातो. करमाळें, परांडें, बार्शी व जामखेड या टापूंतील कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं शके १५५५ ते १५६० च्या आसपासचे कौल व इस्तावे एकदां निराळे काढून पाहावेत, गांवांचीं नांवें नकाशावर मांडावींत, आणि तीं परांड्यापासून किती कोसांवर येतात तें मोजावें. तवारिखेनें लिहिलेल्या दहा-बारा कोसांची शहानिशा करण्याचा दुसरा मार्ग नाहीं.